बफर फंड: उशी मोफत मिळत नाही

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगा अमेरिकेत, तो म्हणतो निवृत्तीच्या पैशातले दहा लाख तिकडच्या बफर ईटीएफमध्ये (म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) टाक, बाजार पडला तरी पहिले 15 टक्के नुकसान तुझ्या अंगावर येत नाही. मुलगा खोटं सांगत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

हे फंड तिथे 2018 पासून आहेत. आत ऑप्शन असतात, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काचे करार. पडझडीपासून बचाव करणारा पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) विकत घ्यायचा आणि त्याचा खर्च भागवायला वरची तेजी दुसऱ्याला विकून टाकायची. म्हणून कमाईला छत. शिवाय लाभांश मिळत नाही आणि खर्च वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास. 15 टक्क्यांच्या पुढची घसरण तुमचीच. 25 पडला तर 10 गेले.

समजा छत 14 टक्के. 2022 मध्ये एस अँड पी 500, म्हणजे अमेरिकेतला मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक, सुमारे 19 टक्के पडला, तेव्हा 15 वाचले असते. छान. पण 2023 ला तो 24 आणि 2024 ला 23 टक्के चढला, म्हणजे दोन वर्षांत 19 टक्के हातचे गेले. प्रत्यक्षात छत दरवर्षी बदलतं, हे फक्त अंदाजासाठी.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही: हा हिशेब फंडाच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घेणाऱ्याचा. मधेच शिरलात आणि फंड तोवर 10 टक्के वर गेला असेल, तर तुम्हाला उरले जेमतेम 4, आणि खाली येताना ते 10 आधी तुमचे जाणार!

तुमचा खर्च रुपयांत, कोथरूडच्या सोसायटीचा मेंटेनन्सही रुपयांत. मग डॉलर कशाला? तिथली गुंतवणूक 60,000 डॉलरच्या वर गेली तर अमेरिकेचा वारसा कर वेगळाच. दहा लाखांत तो प्रश्न येत नाही, पण मुलाला माहीत असू द्या. शिवाय आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरा, तो आमच्या सीएलासुद्धा दोनदा विचारावा लागतो.

मी स्वतः काय केलंय? सात लाख एफडीत, तीन लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात. एफडीला 7 टक्के धरले तर 49,000. निफ्टी 25 टक्के पडली तर 75,000 गेले, म्हणजे दहा लाखांवर एकूण तोटा 26,000. निफ्टी 20 टक्के चढली तर 1,09,000 हातात, करापूर्वी. छत नाही, आणि एफडी मोडायची तर बँक लक्ष्मी रस्त्यावर आहे.

पूर्वी एका एजंटने मला ‘भांडवल सुरक्षित’ म्हणून एक योजना गळ्यात मारली होती. पाच वर्षांनी भांडवल खरंच सुरक्षित होतं. तेवढंच होतं.