मी ऑटिस्टिक आहे, हे क्लायंटना सांगू का?

प्रश्न : मी मूळची सांगलीची. लग्नानंतर बेळगावला आले, टिळकवाडीत समुपदेशन करते. ३४व्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं. माझ्याकडे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं) असलेले तरुण येतात आणि पटकन मोकळे होतात. पण संध्याकाळी घरी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. खानापूरकडच्या एका कन्नड घरातली तरुणी येते. तिचं बोलणं तिची आईच मराठीत सांगते, कारण मला कन्नड जेमतेम येतं. सासरचे म्हणतात, निदानाचा बोभाटा नको. सांगू की लपवू?

उत्तर : सांगा, पण सरसकट सगळ्यांना नको. आधी एक गोष्ट पक्की धरा : गुप्ततेचं बंधन तुमच्यावर आहे, क्लायंटवर नाही. खोलीत सांगितलेलं आज ना उद्या खडेबाजारात पोहोचेल असं धरूनच ठरवा, आणि सासरच्यांना त्याआधी स्वतः सांगा. परवानगी मागायची गरज नाही, पण बाहेरून कळलं तर जास्त दुखेल.

ज्याला सांगायचं त्याला तीन वाक्यांत सांगा. ‘मी ऑटिस्टिक आहे. तुमचं सगळं माझ्यासारखंच असेल असं नाही. म्हणून मी विचारत राहीन.’ तिसरं वाक्य गाळू नका. मुलं तुमच्याशी मोकळी होतात त्यामागे कारण आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांतला गैरसमज दुहेरी असतो, दोष एकाच बाजूचा नसतो. तुमच्या खोलीत तो गैरसमज कमी होतो. धोकाही तिथेच आहे. समोरचा अर्धं बोलला की उरलेलं तुम्ही स्वतःच्या अनुभवातून भरता. एखाद्याला कुकरची शिट्टी असह्य होते, तुम्हालाही होते. पण त्याला आवाजाचा त्रास असेलच असं नाही, शिट्टी कधी होईल हे कळत नाही याचाही असेल. दोन्हींवरचे उपाय वेगळे. ‘मलाही असंच होतं’ ओठावर आलं की त्याऐवजी विचारा, ‘त्याच्या आधी काय झालं होतं?’

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नावर अनेक ऑटिस्टिक माणसं अडतात, कारण भावनेला नावच सापडत नाही. पर्याय द्या : छाती जड, दात आवळलेले, पोटात गोळा, हात गार. त्यात ‘माहीत नाही’ हाही पर्याय ठेवा, आणि तो निवडला तर पुन्हा खोदू नका.

आता तुमची संध्याकाळ. हा आळस नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. दिवसभर चेहरे वाचणं, आवाज सांभाळणं, भाषा बदलणं, याने मेंदू दमतो. ५० मिनिटांच्या सेशननंतर २५ मिनिटं रिकामी ठेवा. पहिल्या १० मिनिटांत नोंदी, उरलेल्या वेळात दिवा आणि फोन बंद. दिवसाला तीन, फार तर चार सेशन. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशात काम ठेवूच नका, येणाऱ्यालाही ते झेपत नाही. रेल्वे गेट बंद असल्यामुळे कुणी उशिरा आलं तर सेशन ठरल्या वेळीच संपणार की वाढणार, हे आधीच लेखी कळवा. ऐनवेळचा बदल दोघांनाही महागात पडतो. ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर ती बदला, आणि खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवा.

थकवा आठवडाभराच्या विश्रांतीनेही उतरला नाही तर क्लायंट कमी करा. ‘बाहेर पडा, माणसांत मिसळा’ हा नेहमीचा सल्ला ऑटिस्टिक थकव्यात अनेकदा उलटा पडतो. आधी ओझं उतरवावं लागतं. पंधरवड्याला एकदा अनुभवी पर्यवेक्षकाशी, म्हणजे तुमच्या कामावर सल्ला देणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकाशी, ऑनलाइन बोला. स्वतःचं दुःख मांडायला मात्र वेगळा समुपदेशक हवा, दोन्ही कामं एकाच माणसाकडे देऊ नका. झोप उडाली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तुम्हाला किंवा क्लायंटला, तर थांबू नका : टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं, आणि तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे.

खानापूरच्या मुलीबद्दल मला जास्त काळजी वाटते. आई दुभाषी असेल तर मुलीची पाच वाक्यं एका वाक्यात येतात, आणि आईबद्दलची तक्रार तर येतच नाही. घराबाहेरचा, गुप्ततेवर सही करणारा दुभाषी घ्या. त्याने ‘ती म्हणते’ न म्हणता ‘मी’ म्हणूनच बोलावं, एकेक वाक्य. तुम्ही मुलीकडे तोंड करून बोला. ‘साकु’ (पुरे), ‘बेडा’ (नको), ‘गोत्तिल्ला’ (माहीत नाही) हे तीन शब्द कन्नड लिपीत कार्डांवर लिहून तिच्या हाताशी ठेवा. बोलणं बंद पडलं की ती नुसतं बोट दाखवू शकेल. आणि कन्नड बोलणारा चांगला समुपदेशक मिळाला तर त्याचं नाव तिला सांगा; कुणाकडे जायचं ते ठरवताना आईला थोडा वेळ बाहेर बसवा.