महागड्या लेन्सने फोटो खरंच चांगला येतो का? कॅननच्या क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) ५० एमएम एफ/१.८ घेऊ, की पैसे साठवून एफ/१.२?

१.८ घ्या. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं आणि उजेड जास्त येतो.) कारण सांगतो, पण त्यात आमच्या दाजींचा विषय निघणारच.

दाजींकडे ५० एमएम एफ/१.२ एल (कॅननची महागडी मालिका), जवळपास ६०० ग्रॅमचं धूड. माझी १.८ (एसटीएम मॉडेल) १६० ग्रॅमची. सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात घरच्याच साखरपुड्याला ते चारचौघांत म्हणाले, "हे दह्याच्या डब्याचं झाकण कुठून आणलंस?" ताईसुद्धा हसली.

म्हटलं, होऊन जाऊ दे. त्यांच्याच हॉलमध्ये भिंतीवर पेपर चिकटवला. त्यांचीच फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, ट्रायपॉड, सेल्फ टायमर, लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघत) हाताने फोकस; नंतर कुरकुर नको. एफ/८ चे दोन्ही फोटो शंभर टक्के झूम करून शेजारी शेजारी लावले. छोट्या जाहिरातींमधले फोन नंबर दोन्हीकडे सारखेच वाचता येत होते. "हा माझा" म्हणून दाजींनी ठामपणे बोट ठेवलं ते माझ्या फोटोवर. मग काय, तर म्हणे मॉनिटर बरोबर नाही.

एफ/१.८ ला त्यांची लेन्स सरस ठरली, हे मान्य. कोपऱ्यातला मजकूर माझ्याकडे पुसट, आणि स्टीलच्या तांब्याच्या चकाकत्या कडेला जांभळी किनार. पण १.८ म्हणजे माझी सताड उघडी आणि त्यांची एका स्टॉपहून (एक स्टॉप बंद म्हणजे उजेड निम्मा) थोडी जास्तच बंद केलेली. सरस ठरणारच की.

बरं, ज्या १.२ साठी एवढे पैसे ओतले, तिथे एक मीटरवरून फुल फ्रेमवर जेमतेम ३ सेंटिमीटर फोकसमध्ये राहतं. साखरपुड्यातला त्यांचा नवरीचा क्लोजअप बघा: नथीचे मोती लखलखीत, पापण्या धुरकट. त्याला ते 'लूक' म्हणतात. मी फोकस चुकला म्हणतो.

तुमच्या क्रॉप सेन्सरवर कोपरे तसेही कापले जातात, त्यामुळे माझी कोपऱ्यांची तक्रार तुम्हाला फारशी लागूच नाही. मात्र तिथे ५० ची चौकट ८० सारखी अरुंद दिसते, सगळे मावायला मागे सरकत कार्यालयात पाठ भिंतीला टेकेल. उरलेल्या पैशांत एखादी २४ एमएम आणि बरा फ्लॅश घ्या, त्याचा उजेड छतावर मारून परत खाली येऊ द्या (बाउन्स).

हो, एक राहिलं. जुलैत ताम्हिणीत भिजत फोटो काढणार असाल तर एल लेन्सचं पाणी-धूळ अडवणारं सीलिंग कामाचं आहे, माझ्या लेन्सला ते नाही. अंधारात फ्लॅशशिवाय पैसे घेऊन काम करायचं असेल तरी १.२ चा विचार करा. बुरशी मात्र किंमत बघत नाही, सिलिका जेल दोन्हींना लागतं.

तरीही हौस असेल तर आधी दोन दिवस भाड्याने आणून बघा. ओळखीतल्या कुणाकडे मागू नका, लेन्ससोबत तो माणूसही येतो.