देव आत आहेत, मग किल्ली कशी देऊ?

“गावचं घर बंद आहे, विकायचंय, पण इतक्या लांबून काही हलत नाही. रात्री 2 वाजता जाग येते.” मुलं परगावी स्थिरावलेल्या घरांतून हे इतक्यांदा ऐकलंय, की एका गृहस्थांची हकीकत सांगूनच उत्तर देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 55, राहणार बेंगळुरू. घर संगमेश्वर तालुक्यातलं, जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं. आई गेल्यापासून 4 वर्षं कुलूप. धाकटा भाऊ दुबईत. जूनमध्ये पावसाच्या बातम्या सुरू झाल्या की यांची छाती धडधडायची.

पहिल्याच भेटीत म्हणाले, “हे मलाच बघायला लागतं, आणि ते नीटच व्हायला पाहिजे.” मी वाक्य कागदावर लिहिलं, दोन्ही ‘च’भोवती गोल काढले आणि ते काढून वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, थांबले. “म्हणजे दुसरंही कुणी बघू शकतं.”

माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा हट्ट जास्त दमवतो, असं मी मानते. पण गळणारं कौल विचार बदलून गळायचं थांबत नाही. म्हणून कामंही तेवढ्याच नेटाने लावली.

आधी कागद. घरपट्टी आपल्या नावावर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. यांच्या सातबाऱ्यावर अजून आईचंच नाव होतं. वारस नोंदीच्या फेरफारात हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, म्हणून हे काम गिऱ्हाईक शोधण्याआधी. खरेदीदाराचा वकील मालकीच्या 30 वर्षांच्या नोंदींचा शोध घेतो आणि नेमका इथे अडतो. दोन गिऱ्हाइकं याच कारणाने गेली होती.

भावाने दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, पाठवायचं, ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. अधिकार याच घरापुरता, किमान किंमत लिहिलेली, पैसे थेट ज्याच्या त्याच्या खात्यात. अनिवासी भावाच्या हिश्श्यातून खरेदीदाराला कर कापावा लागतो, रक्कम 50 लाखांच्या आत असली तरी. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी घेतला नाही, तर खरेदीखताच्या दिवशी आकडा ऐकून भावाभावांत वाजतं. हे मी वारंवार पाहिलंय.

मग छप्पर. शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट बसवणं, मेच्या मध्यापर्यंत उरकायची. एक कौल सरकलं की पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, मागून वाळवी. वीजमीटर कायमचा काढायचा नाही. नवी जोडणी घेणं हा खरेदीदाराला नकोसा खटाटोप. देखरेखीला शेजारचा मुलगा, दर फेरीमागे ठरलेले पैसे, दर 15 दिवसांनी ठरलेल्या 5 जागांचे फोटो: आढं, ईशान्येचा कोपरा, स्वयंपाकघराचं छत, मोरी, विहिरीचा पंप. आणि घराविषयीचे फोन फक्त शनिवारी, तासभर.

झोप सुधारली. तरी तिसरं गिऱ्हाईकही परत गेलं. घर आतून बघायला मिळालं नाही, म्हणून.

“किल्ली कुठे असते?” मी विचारलं.
“माझ्या बॅगेत.”
“इथे? बेंगळुरूत?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मग हळूच म्हणाले, “देव आत आहेत. आईचा देव्हारा तसाच आहे. देव आत असताना दार परक्याच्या हाती कसं देऊ?”

4 वर्षं ज्याला ते ‘लांब असल्याचा ताण’ म्हणत होते, त्याचं खरं नाव त्या क्षणी कळलं. अंतर विमानाच्या तिकिटाने कापता आलं असतं. निरोप घ्यायचा राहिला होता. ‘भावनेत अडकू नका’ असं त्यांना अनेकांनी सांगितलं असणार. मी उलट विचारलं, “देव कुठे न्यायचे आणि कोणी न्यायचे?” याची कामांच्या यादीत नोंदच नव्हती.

ते 3 दिवसांसाठी गावी गेले. भावाला व्हिडिओ कॉलवर घेतलं, गावच्या जाणत्याने देवाला गाऱ्हाणं घातलं, टाक आणि शाळीग्राम बेंगळुरूला आले. आईची भांडी दोन घरांत वाटली. निघताना किल्ली शेजारच्या मुलाच्या हातात दिली.

असे कुणी विचारायला आले की आता मी कागदांआधी किल्लीची चौकशी करते. किल्ली अजून स्वतःजवळ असेल, तर आत काय उरलंय ते शांतपणे लिहून काढायला सांगते: देव, ट्रंक, बाबांची खुर्ची, काहीही. प्रत्येकापुढे कुठे जाणार, कोण नेणार आणि तारीख.

खरेदीखत अजून व्हायचंय. या जुलैत भर पावसात एक कुटुंब घर बघून गेलं. स्वयंपाकघराचं छत कोरडं होतं.