रोज गिटार ऐकतो, तरी मन शांत का होत नाही?

"सगळे म्हणतात गिटार ऐका, छान वाटतं. मी रोज ऐकतो, मला काहीच होत नाही. माझ्यातच काही बिघाड आहे का?" ही तक्रार हल्ली इतक्या जणांकडून येते की तिचं उत्तर एकदा सविस्तर द्यायला हवं. इथले गृहस्थ पंचेचाळिशीचे, हिशेबाच्या कामातले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

"काल रात्री नेमकं काय ऐकलंत?"

"यूट्यूबवर आठ तासांचा व्हिडिओ आहे गिटारचा. अंथरुणात पडून, इअरफोन लावून."

"मग?"

"पंधरा मिनिटं झाली, फरक नाही. अर्धा तास झाला, तरी नाही. मग दुसरा लावला."

"फरक पडला का, हे किती वेळा तपासलंत?"

ते थोडे थांबले. "सारखंच," म्हणाले.

अडचण इथे होती. 'मला शांत वाटलंच पाहिजे, आणि आत्ताच' असा हुकूम माणूस स्वतःला सोडतो आणि तो पाळला जातोय का यावर रात्रभर पहारा देत बसतो. पहारेकरी झोपणार कसा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेला विचार मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो: त्रास प्रसंगापेक्षा आपल्या हट्टी मागणीने वाढतो. शांत वाटावं ही इच्छा जरूर असू द्या. 'वाटलंच पाहिजे' हे सोडा.

पण नुसतं 'सोडा' म्हणून कुणाचं काही सुटत नाही. लक्षाला दुसरं काम द्यावं लागतं, आणि ते काम देण्यात गिटार फार चांगली आहे. बासरीचा स्वर फुंकर असेतो टिकतो, व्हायोलिनचा गज फिरेतो. गिटारची तार एकदा छेडली की स्वर लगेच उतरणीला लागतो आणि आपोआप विरतो. प्रत्येक स्वराला शेवट असतो आणि कान तिथवर जाऊ शकतो.

पुढच्या भेटीत मी त्यांना फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाची 'लाग्रिमा' ऐकवली. जेमतेम दोन मिनिटांची, संथ रचना. सूचना एकच दिली: "अंगठ्याने छेडलेला खर्जातला स्वर ऐका. तो विरला असं वाटलं की बोट उचला." पहिल्या वेळी ते घाईघाईने बोट उचलत होते, मधेच "बरोबर करतोय ना?" असं विचारत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

संपल्यावर म्हणाले, "मधे जरा उदास झालं, मग पुन्हा उजळलं. आणि तारेवरून बोट घासल्याचा आवाज येतो."

दोन्ही अचूक. ही रचना ई मेजर या उजळ वाटणाऱ्या स्वरपट्टीत सुरू होते, मधे ई मायनर या उदास वाटणाऱ्या पट्टीत जाते आणि परत येते. नायलॉन तारांच्या गिटारवर खालच्या सुरांच्या तीन तारांना धातूच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, तोच घासण्याचा आवाज. संगीत न शिकलेल्या माणसाने हे टिपलं होतं.

"आणि शांत वाटलं का?" मी विचारलं.

"अहो, ते बघायचं राहूनच गेलं!"

या वाक्यासाठीच मी हा प्रयोग करून घेते, आणि तो क्वचितच फसतो. कान बाहेरच्या कामात गुंतला की स्वतःची तपासणी आपोआप थांबते. मग शांतता आली तर येते. तिची वाट पाहणारं मागे कुणी उरत नाही.

आता घरी करायचं ते. अंथरुणात नको, झोपायच्या तासभर आधी खुर्चीत बसून वीसेक मिनिटं ऐका. फोनच्या स्पीकरवर लावू नका. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर साधारण 82 हर्ट्झचा, म्हणजे फार खर्जातला, तो एवढ्याशा स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही आणि नखांचा टोकदार आवाज तेवढा उरतो. साधा ब्लूटूथ स्पीकर पुरे, पंख्याचा आवाज ऐकू येत राहील इतपतच मोठा. चार-पाच रचना डाउनलोड करून ठेवा, नाहीतर मधेच जाहिरात दचकवते. दोन आठवडे त्याच ऐका. ओळखीच्या हिंदी-मराठी गाण्यांच्या धुना यासाठी टाळा, कारण शब्द मनात चालू होतात आणि शब्दांमागून आठवणी. 'स्पॅनिश गिटार' नावाच्या यादीवरही भरवसा नको. त्यात हमखास असणारी 'आस्तुरियास' ही रचना हलक्या आवाजात सुरू होते आणि थोड्याच वेळात जोरकस झणकारे येतात. फ्लेमेंको हे स्पेनमधलं संगीत तर नाचाच्या जोमाचं, ते सकाळी ऐका.

अंथरुणात गेल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसा. घड्याळ मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडते आहे, असं तीन महिने चाललंय, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगतात, तर संगीतावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. मन सतत खिन्न असेल तरीही.

त्या गृहस्थांनी शेवटच्या भेटीत विचारलं, "आता हे रोज करायलाच हवं ना?"

मी म्हटलं, "नाही. आवडेल तेव्हा करा."

"आणि एखाद्या रात्री जमलंच नाही तर?"

"तर त्या रात्री जमलं नाही, एवढंच."