स्वस्तातला पहिला बँजो: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

प्रश्न: गिटारवर चार-पाच कॉर्ड येतात, आता बँजो शिकायचाय. बजेट फार नाही. ऑनलाइन बघायला गेलो तर चार तारांचा, पाच तारांचा, सहा तारांचा, मागे झाकण असलेला, नसलेला, डोकंच गरगरलं. मित्र म्हणतो सहा तारांचा घे, वेगळं काही शिकावंच लागणार नाही. घेऊ का?

मित्राचं म्हणणं चूक नाही पण अर्धंच आहे. सहा तारांचा बँजो गिटारसारखाच लावतात, त्यामुळे गिटारचे सगळे कॉर्ड पहिल्या दिवसापासून वाजतात हे खरं. आणि ते काही कमअस्सल वाद्य नाही, लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या जॅझ बँडमध्ये जॉनी सेंट सीर हेच वाजवायचा. पण तुमच्या कानात बँजो म्हणून जे खणखणीत, धावणारं, एकात एक गुंतलेलं वाजणं बसलंय ना, ते बहुतेक वेळा पाच तारांच्या बँजोचं असतं. त्याची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी नेकच्या (लांब दांड्याच्या) मध्येच पाचव्या फ्रेटजवळ (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीजवळ) असते, ती सगळ्यात उंच सुरात लागते आणि अंगठा तिला मधूनमधून छेडत राहतो. सहा तारांच्यात ती तारच नाही, त्यामुळे कितीही भरभर वाजवलं तरी तो आवाज येत नाही आणि मग माणूस दोन महिन्यात दुसरा बँजो शोधायला लागतो.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट अशी की पाच तारांचा बँजो साधारण ओपन जी मध्ये लावतात, म्हणजे पाचवी जी, मग डी, जी, बी, डी. यातल्या मधल्या डी, जी, बी या तीन तारा गिटारच्या चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेसारख्याच आहेत, त्याच सुरात, त्यामुळे तिथली बोटं तुम्हाला आधीच माहिती आहेत, फक्त पहिली तार ई च्या जागी डी. आणि काहीही न दाबता सगळ्या तारा छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजतो, नव्या माणसाला याचा खूप धीर येतो.

चार तारांचा कधी घ्यायचा? आयरिश धून आवडत असतील किंवा मँडोलिन, व्हायोलिन येत असेल तर. टेनर बँजो १७ किंवा १९ फ्रेटचा असतो, आयरिश वाजवणारे तो जी-डी-ए-ई असा लावतात, म्हणजे मँडोलिनच्याच तारा एक सप्तक खाली. द डब्लिनर्स या आयरिश बँडच्या बार्नी मकेना यांच्यामुळे ही पद्धत पसरली. जुन्या जॅझसाठी तोच बँजो सी-जी-डी-ए लावतात. प्लेक्ट्रम म्हणून अजून एक चार तारांचा लांब नेकचा प्रकार आहे, पण पहिलं वाद्य म्हणून तो क्वचितच लागतो.

आता मागचं झाकण, त्याला रेझोनेटर म्हणतात. तो आवाज पुढे फेकतो, म्हणून ब्लूग्रासमध्ये (अमेरिकेतलं एक वेगवान लोकसंगीत) जिथे फिडल, मँडोलिन, गिटार सगळे एकदम वाजत असतात तिथे तो लागतो. अर्ल स्क्रग्ज १९४५ साली बिल मन्रोच्या बँडमध्ये आले आणि त्यांची तीन बोटांची पद्धत पुढे ब्लूग्रासची ओळखच झाली, ते सगळं रेझोनेटर बँजोवर. झाकण नसलेला तो ओपन बॅक, त्याचा आवाज जरा गोल आणि मऊ, त्यावर क्लॉहॅमर जास्त वाजवतात, म्हणजे नखाने तारेवर खाली मारायचं आणि अंगठ्याने पाचवी तार. पण ओपन बॅकवर तीन बोटांची पद्धत वाजत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, व्यवस्थित वाजते, फक्त आवाज कमी. त्याच पैशात ओपन बॅक घेतला तर रेझोनेटरवर जाणारा खर्च नेक आणि खुंट्यांवर गेलेला असतो, म्हणून कमी बजेटमध्ये माझं उत्तर पाच तारांचा ओपन बॅक, २२ फ्रेटचा, पूर्ण लांबीचा.

प्रश्न: दोन बँजो बघून ठेवलेत, किंमत जवळजवळ सारखी. एकाला नेकवर सुंदर नक्षी, रेझोनेटर, भरपूर चकचकीत हुक, टोन रिंग आहे असंही लिहिलंय. दुसरा अगदी साधा दिसतो. मन पहिल्यावर आहे पण खात्री वाटत नाही.

मन का गेलं ते कळतं, पण हा प्रश्न वेगळ्या बाजूने बघा. बँजो हे जवळजवळ अख्खं नटबोल्टवर बांधलेलं वाद्य आहे. गिटारचं सगळं चिकटवलेलं असतं, बँजोचं खोलता येतं, घट्ट करता येतं, बदलता येतं. त्यामुळे घेताना एकच विचारायचं, यातलं काय मला नंतर थोडक्या पैशात सुधारता येईल आणि काय कधीच येणार नाही. हेड म्हणजे पुढचा ताणलेला पडदा बदलता येतो, ब्रिज म्हणजे त्यावर उभी असलेली, तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी बदलता येते, तारा तर बदलायच्याच असतात. वाकलेला नेक, वरखाली बसवलेले फ्रेट, नेक आणि गोल भांडं (त्याचं कडं म्हणजे रिम) जिथे जुळतं तिथला ढिला सांधा, हे सुधारायला गेलात तर बँजोच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. म्हणजे पैसे नेकमध्ये हवेत, नक्षीत नकोत.

नेकच्या खालोखाल खुंट्या. पाचव्या तारेची खुंटी नुसती घर्षणावर धरणारी आहे की गिअरची हे नक्की विचारा. घर्षणवाली असेल तर जरा फिरवली की सूर इकडून तिकडे उडी मारतो, वाजवताना उतरतो, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याच हातात दोष आहे. बाकीच्या चार खुंट्या गिटारसारख्या बाजूला निघालेल्या असल्या तरी काही बिघडत नाही, सरळ मागे निघालेल्या प्लॅनेटरी खुंट्या दिसायला छान पण स्वस्तातल्या प्लॅनेटरीपेक्षा चांगल्या गिटार छापाच्या खुंट्या कधीही बऱ्या. नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक थोडा जुळवायची आतली सळई, आहे का तेही बघा.

आता टोन रिंग, म्हणजे रिमवर हेडखाली बसणारी धातूची कडी. महागड्या ब्लूग्रास बँजोत ब्राँझची जड ओतीव रिंग असते, दीड किलोच्या आसपास एकटी रिंगच, तिने आवाजाला धार आणि लांबी येते हे खरं आहे. पण स्वस्त बँजोवर टोन रिंग लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा ती एक पातळ पितळी कडी असते किंवा अख्खा रिमच ॲल्युमिनियमचा ओतलेला असतो आणि त्याची कडा म्हणजेच टोन रिंग. ॲल्युमिनियम रिम वाईट नाही, आवाज तेज असतो, थोडा पत्र्यासारखा, काहींना आवडतो. मेपलच्या थरांचा लाकडी रिम जास्त उबदार वाजतो. डीअरिंग कंपनीचा गुडटाइम बघा, तीन थरांचा मेपल रिम, टोन रिंग नाही, दिसायला अगदी साधा, आणि तरी नवशिक्यांना इतकी वर्षं हाच सुचवला जातो, कारण पैसे नेकमध्ये घातलेत. त्याहून कमी बजेट असेल तर गोल्ड टोनचा एसी-१, त्याचा रिम कॉम्पोझिटचा म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा आहे, ऐकून नाक मुरडाल पण नेक सरळ असतो आणि नवशिक्याला तेच हवं. रेकॉर्डिंग किंगची डर्टी थर्टीज मालिकाही याच रांगेतली.

हेड ताणून धरणारे हुक किती आहेत ते मोजू नका. २४ नेहमीचे, गुडटाइमला १६ च आहेत आणि हेड नीट ताणलं जातं. तुमच्या दोन बँजोंपैकी साध्याची नेक सरळ आणि पाचवी खुंटी गिअरची असेल तर डोळे झाकून साधा घ्या. आणि सगळं बजेट वाद्यावर उडवू नका, पाचातला एक हिस्सा सेटअप (हेड, ब्रिज, तारांची उंची नीट जुळवून घेणं), ट्यूनर, पिक (बोटांत घालायच्या नख्या) आणि जादा तारांसाठी बाजूला काढा.

प्रश्न: कुरियरने नवा बँजो आला, उघडला तर ब्रिज आडवा पडलेला, तारा ढिल्या. उभा केला, तारा लावल्या, पण वरच्या फ्रेटवर सगळं बेसूर आणि आवाज बसका. परत पाठवू का?

थांबा, लगेच पाठवू नका. ब्रिज चिकटवलेला नसतोच, तो फक्त तारांच्या दाबाने उभा राहतो, आणि पाठवताना मुद्दाम पाडून ठेवतात म्हणजे हेडवर ताण येत नाही. तुमच्या बँजोचा सेटअप झालेला नाही, एवढंच.

आधी हेड. ते ड्रमसारखंच ताणलेलं असतं, ढिलं असलं की आवाज बसका होतो आणि ब्रिज खाली रुततो. सोबत छोटा पाना आला असेल, त्याने मागचे नट एकेक अगदी थोडे, अष्टमांश फेरा, समोरासमोरचे घेत घेत गोल फिरून घट्ट करा. रेझोनेटर असेल तर आधी काढावा लागेल. तारा हाताने दाबून धरून हेडवर टिचकी मारली की साधारण जी ते जी शार्पच्या आसपास नाद यायला हवा, ड्रम डायल (हेडचा ताण मोजायचं छोटं यंत्र) मिळाला तर त्यावर ८८ ते ९२ च्या मध्ये. घाई करून एकाच बाजूने आवळत गेलात तर हेड फाटू शकतं. नवीन हेड पहिले काही आठवडे सैल पडतंच, परत बघावं लागतं.

मग ब्रिज. नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिलाही नट म्हणतात, त्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर तेवढंच बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत. एवढं करून पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिज मागे, टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकतात तिकडे), आणि उतरा येत असेल तर नेककडे. केसभर सरकवायचा, आणि सरकवताना तारा थोड्या सैल करायच्या. वरचं बेसूर वाजणं बहुधा इथेच संपतं. तारा बदलायची वेळ येईल तेव्हाही एकेक बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज पडतो आणि हे सगळं पहिल्यापासून.

शेवटी तारांची उंची बघा, बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटरच्या आसपास ठीक. खूपच उंच असेल तर बोटं दुखणार आणि दाबताना सूर चढणार. आत रिमच्या आरपार कोऑर्डिनेटर रॉड, म्हणजे नेकला रिमशी धरणारी सळई, असते, तिने ती थोडी कमी करता येते, पण हे काम पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या, जोर लावून आवळलं तर रिमचा गोलपणा जातो. किंवा सोपा उपाय, नेहमीचा ब्रिज सोळा मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यापेक्षा बुटका बसवा. आणि एवढं सगळं करूनही एखाद्या फ्रेटवर तार खरखरत राहिली किंवा नेक वाकलेला दिसला, तर मात्र जरूर परत पाठवा.

प्रश्न: वापरलेला मिळतोय, पण हेड फाटलंय आणि तारा गंजल्यात. सोडून देऊ?

उलट भाव करा. हेड आणि तारा या बदलायच्याच गोष्टी. तुम्ही नेककडे डोळा लावून बघा, पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून मधे सातव्याजवळ तारेखाली कागद जाईल एवढी फट ठीक, बोट जाईल एवढी नको. रिमचा व्यास दोन दिशांनी मोजा, फरक आला तर तो चेपलाय. प्रत्येक खुंटी फिरवून बघा. हेडचं माप नीट घ्या, हल्ली ११ इंच नेहमीचं, पण जुन्या बँजोंची मापं वेगळी असू शकतात आणि मग तसं हेड शोधत बसावं लागतं. कातड्याचं हेड असेल तर दमट हवेत ते सैल पडतं, काढून प्लास्टिकचं घाला.

प्रश्न: फ्लॅटमध्ये राहतो, शेजाऱ्यांना त्रास होईल का? आणि मुलगी दहा वर्षांची आहे, तिलाही वाजवायचाय.

होईल, बँजो मोठ्याने वाजतो आणि भिंतीतून आरपार जातो. ओपन बॅकमध्ये मागून हेड आणि रॉडच्या मधे पायातला मोजा किंवा छोटा टॉवेल हलकेच खोचा, आवाज निम्म्यावर येतो. ब्रिजवर लाकडी कपड्यांचा चिमटा लावला तर अजून कमी. धातूच्या पिकशिवाय नुसत्या बोटांनी वाजवा. पण आठवड्यातून काही वेळा टॉवेल काढून पूर्ण आवाजात वाजवा हो, कारण दाबलेल्या आवाजात उजव्या हाताच्या चुका ऐकूच येत नाहीत.

मुलीसाठी वजन बघा. टोन रिंगवाला रेझोनेटर बँजो साडेचार-पाच किलोपर्यंत जातो, हलका ओपन बॅक दोन किलोच्या आसपास. हात पुरत नसेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सुरुवात करा आणि पाचवी तारही दोन फ्रेट चढवून ए ला लावा. मोठ्यांनीही कॅपो लावला की हेच करायचं असतं, त्यासाठी बरेच जण सातव्या आणि नवव्या फ्रेटवर बारीक खिळे ठोकून घेतात आणि तार त्याखाली अडकवतात. ते काम मात्र जाणकाराकडूनच.

प्रश्न: मी डावखुरा आहे. साधाच बँजो उलटा धरून चालेल?

पाच तारांचा चालत नाही, पाचव्या तारेची खुंटी नेकच्या एकाच बाजूला असते आणि उलटा धरला की ती खाली जाते. डाव्या हाताचा वेगळा घ्यावा लागेल, मॉडेल कमी मिळतात आणि विकायला काढला तर गिऱ्हाईकही कमी. तुम्ही अजून काहीच वाजवत नसाल तर उजव्या पद्धतीने महिनाभर करून बघा, बरेच डावखुरे असंच शिकतात, बँजोत दोन्ही हातांना काम सारखंच आहे. गिटार आधीपासून डावीकडून वाजवत असाल तर मात्र सरळ डाव्या हाताचाच घ्या.