एक आणा विमानाचा

(सदर : कॅप्टनकाकांना विचारा)

प्रश्न : काका, नमस्कार. मी सेलूची, जि. परभणी. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, मिळून आठ महिने झाले, लॉगबुकात 210 तास आहेत. एअरलाइनच्या दोन परीक्षा दिल्या, एकीत मुलाखतीपर्यंत गेले, पण पुढं काही झालं नाही. बाबांनी तीन एकर विकून मला शिकवलं. आता घरात माझा फोन वाजला की सगळे थबकतात. आत्या अमेरिकेत कोलंबसला असते. तिचा शेजारी हिश्शानं विकल्या जाणाऱ्या खासगी जेटच्या कंपनीत पायलट आहे. सात दिवस कामावर, सात दिवस घरी. आत्या म्हणते, इकडंच ये. इथला एक एजंट म्हणतो, छोट्या जेटचं टाइप रेटिंग (त्या एका जातीचं विमान चालवायची परवानगी) करून घे, चार्टर म्हणजे भाड्यानं विमान देणाऱ्या कंपन्या लगेच घेतील. खर्च 20 लाख. बाबा उरलेली दोन एकर काढायला निघालेत. काय करू?

उत्तर : आधी बाबांना सांग, दोन एकर राहू द्या. मग पुढचं वाच.

मी तुझ्या शेजारचाच, पाथरीचा. आमच्या विहिरीत चार आणे आमचे, आठ आणे थोरल्या चुलत्यांचे, चार आणे आत्याच्या घरचे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. तुझ्या आत्याच्या शेजाऱ्याची कंपनी हाच हिशेब विमानाला लावते. एका जेटचे सोळा हिस्से. सर्वात लहान हिस्सा एक आणा म्हण, त्यात वर्षाला 50 तास उडता येतं. सोळा आण्यांचे 800 तास होतात. फरक इतकाच, की चैत्रात आमच्या विहिरीला तळ दिसायला लागला की चुलत्यांची भांडणं चावडीवर जायची. तिथं तुझ्या हिश्शाचं विमान दुसरीकडं गेलेलं असलं तर कंपनी त्याच जातीचं दुसरं विमान पाठवते. हे जमवायला किती विमानं लागतील याचं गणित रिचर्ड सॅन्टुली या गणिताच्या माणसानं मांडलं, आणि 1986 साली नेटजेट्स या कंपनीची ही योजना सुरू झाली. अमेरिकेतले मोठे गुंतवणूकदार वॉरन बफे आधी तिथं गिऱ्हाईक होते. 1998 मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेनं सगळी कंपनीच घेतली.

आता पायलटच्या बाजूनं बघ. विमानं शेकड्यांनी, मालक त्याहून जास्त, त्यामुळं कुणा एका मालकाला पायलटच्या घरी रात्री अकराला फोन करता येत नाही. जे काही सांगायचं ते रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, सांगतं. सात दिवस संपले की कंपनीच्या तिकिटावर घरी. त्या शेजाऱ्याची सुट्टी ही अशी, वाटणीतून निघालेली आहे.

आपल्याकडं बहुतेक ठिकाणी उलटं असतं. एका शेठजीचं एक विमान, त्यावर दोन-तीन पायलट. पाडव्याला ठरलेला सालगडी जसा वर्षभर मालकाच्या हाकेवर, तसं. मी एअरलाइनमध्ये जाण्याआधी नऊ वर्षं असं काम केलं. काम वाईट होतं असं म्हणणार नाही. केबिनमध्ये एअरहोस्टेस नसायची. पाहुण्यांच्या बॅगा आम्ही चढवायच्या, बर्फ आम्ही भरायचा, उतरल्यावर सीटखालचा चिवडा आम्हीच वेचायचा. ज्याला हा कमीपणा वाटतो त्यानं खासगी जेटच्या वाटेला जाऊ नये, मग ते अमेरिकेतलं असो की चिकलठाण्याचं.

चिकलठाण्यावरून आठवलं. एकदा मुंबईहून एक कुटुंब घेऊन संभाजीनगरला उतरलो. त्यांना वेरूळ बघायचं होतं, वार मंगळवार. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे मला, इथल्या माणसाला, पाठ असायला हवं होतं. शेठ माझ्याकडं असे बघत राहिले जणू लेण्यांना कुलूप मीच लावलंय. मग गाडी बोलावली, घृष्णेश्वर आणि दौलताबाद दाखवलं, दुपारी नानकटाई घेऊन विमानात आणून बसवलं. संध्याकाळी शेठ खूश. हाताखालच्या कोपायलटला मात्र मी सांगून ठेवलं, की या नोकरीत हवामानाबरोबर आठवड्याचा वारही बघायचा.

पगाराचंही ऐकून ठेव. एका ठिकाणी चार महिने पगार थकला. दर सोमवारी ‘या आठवड्यात होईल’. छोट्या कंपनीत जाब विचारायला दारच नसतं, कारण मालक, मॅनेजर आणि कॅशियर हे एकच गृहस्थ असतात.

अमेरिकेचं म्हणशील तर, तिथं या कंपन्यांना कायम काम करण्याचा हक्क असलेला माणूस लागतो, म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला. नवीन पायलटसाठी व्हिसाची खटपट त्या करत बसत नाहीत. आत्याचं प्रेम खरं, पण तिथल्या कायद्यात आत्याला भाचीसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येत नाही. वर तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं. आणि सात-सात दिवसांचं सुखही कायमचं पट्ट्यावर लिहून मिळत नाही. 2008 च्या मंदीत श्रीमंतांनी हिस्से सोडले आणि 2010 च्या जानेवारीत नेटजेट्सनं 495 पायलट बिनपगारी घरी बसवले. हातातली नोकरी ज्येष्ठतेच्या यादीवर टिकते, त्यामुळं शेवटी आलेला आधी घरी. पुढं बऱ्याच जणांना परत बोलावणं आलं, पण मधल्या वर्षांत घरचे हप्ते कुणी भरले असतील, विचार कर.

तुझ्यासाठी खरा प्रश्न तासांचा आहे. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, 1500 तास लागतात, तुझे 1290 कमी आहेत. चार्टरवर माझं वर्ष 300 तासांच्या आसपास जायचं, कारण विमान उडण्यापेक्षा उभंच जास्त. त्या चालीनं तुला चार वर्षांवर लागतील. एअरलाइनमध्ये 750 धरले तर दोन वर्षांच्या आत. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, वर्षाची मर्यादाच 1000 तास आहे, तेव्हा 750 हा काही फुगवलेला आकडा नाही. 1500 तासांची मुलगी कुठल्याही खासगी जेट कंपनीशी बोलायला बसली तर बोलणं वेगळं होतं.

म्हणून एजंटचं ऐकू नकोस. एअरबस 320 च्या रेटिंगला निदान देशभर विमानं आहेत. इंडिगोनं 2023 साली एका दमात याच कुटुंबातल्या 500 विमानांची ऑर्डर दिली. छोट्या जेटचं रेटिंग घेतलंस तर ते विमान ठेवणाऱ्या देशातल्या मोजक्या दारांवरच तुला जावं लागेल, आणि त्या दारांत तुझ्याआधी अनुभवी माणसं उभी असतील. तरी कुणी चार्टरवाल्यानं बोलावलंच तर जा, भीड ठेवू नकोस. पण हातात नेमणुकीचं पत्र आल्याशिवाय रेटिंगचा रुपयाही काढायचा नाही. त्यांना हे विचारून घे : रेटिंगचा खर्च कुणाचा, बाँड (नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, एका विमानावर पायलट किती, सुट्टी कोण ठरवतं. आणि तिथं काम सोडून गेलेल्या एखाद्या पायलटला गाठ. चहा पाज. तो जे सांगेल ते कंपनीच्या वेबसाइटवर नसतं.

तोवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर दिसत नसताना यंत्रं बघून उडवायच्या परवानगीची) मुदत जाऊ देऊ नकोस, मेडिकल म्हणजे तब्येतीचा दाखला चालू ठेव. धुळे, बारामती, गोंदिया, जिथं जमेल तिथल्या फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टरचं रेटिंग कसं करतात ते विचारून ये. शिकवतानाही तास भरतात. मुलाखतीपर्यंत पोहोचलेली मुलगी तू, तिथं कशावर अडखळलीस ते मला पुढच्या पत्रात लिही. ते तू या पत्रात लिहिलेलं नाहीस.

प्रश्न : माझे थोरले बंधू एअरलाइनमध्ये कॅप्टन असून पुढच्या वर्षी 65 पूर्ण करतील. त्यानंतर त्यांना चार्टर विमान चालवता येईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. आपल्याकडं भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या विमानाला 65 ची मर्यादा आहे, एअरलाइन असो की चार्टर. अमेरिकेत एअरलाइनला 65 च आहे; मोठ्या वाटणीवाल्या जेट कंपन्यांसाठी मात्र 2022 च्या डिसेंबरमधल्या कायद्यानं 70 ची मर्यादा ठेवायची मुभा दिली. बंधूंना सिम्युलेटरवर शिकवण्याचं काम मिळू शकतं. मी महिन्यातून आठ दिवस त्यासाठीच हैदराबादला जातो, रात्रीच्या रेल्वेनं.