‘आमच्या कॉलेजला कोण विचारतंय?’

दिवाळीची सुट्टी संपत आली की माझ्याकडे बी.एस्सी.ची मुलं येऊ लागतात. मिरज, विटा, पलूस, तासगाव. गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. ‘मॅडम, समर फेलोशिपचा फॉर्म भरायचाय, पण आमच्या कॉलेजला कोण विचारतंय?’

बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी या फेलोशिपमधून विद्यार्थ्यांना दोन महिने शास्त्रज्ञांकडे काम करायला पाठवतात. विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडंही मिळतं. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका, बंगळूरचं जवाहरलाल नेहरू केंद्र या संशोधन संस्थांचे आपापले कार्यक्रम वेगळे. मुलांना हे सगळं माहीत असतं. तरीही फॉर्म अर्धवट राहतो. का राहतो, ते सांगण्यासाठी एका मुलीची गोष्ट लिहिते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तासगाव तालुक्यातली, केमिस्ट्रीची, दुसऱ्या वर्षाला. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. मार्क चांगले. पहिल्या भेटीत मी विचारलं, ‘निवड झाली नाही तर काय होईल?’

‘मग सिद्धच होईल की.’

‘काय सिद्ध होईल?’

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘की आपण त्यातले नाही.’

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी आहे. घडलेली गोष्ट आणि मनाला होणारा त्रास यांच्या मधे आपली एक समजूत उभी असते, आणि ती तपासता येते, यावर माझा विश्वास आहे. म्हणून पुढच्या भेटींमध्ये आम्ही तेच केलं. अर्ज नाकारला म्हणजे एक अर्ज नाकारला. त्यावरून आख्ख्या माणसाचा निकाल कुठल्या पुराव्यावर लावलास? तिला ते पटायचं. पण वहीत उतरायचं नाही. फॉर्मसोबत दोन-अडीचशे शब्दांत ‘मला हे का करायचंय’ ते लिहायचं असतं. तिनं लिहून आणलेला उतारा ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ इथून सुरू होऊन ‘देशाची सेवा’ इथं संपत होता. वरचं नाव झाकलं तर तो कुणाचाही झाला असता.

तो कागद मी बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘यंदा तुमचा बेदाणा कसा झाला?’

ती जरा चकित झाली. मग बोलू लागली. शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, हे प्रमाण तिला पाठ. त्यात द्राक्षं बुडवून काढायची आणि शेडमध्ये जाळीवर पसरायची. पंधरा दिवसांच्या आसपास माल वाळतो. न बुडवता ठेवला तर फार जास्त दिवस लागतात. ‘पप्पा म्हणतात, ऑइलनं साल मऊ होती. पण मी कॅनवर वाचलं, त्यात इथाइल ओलिएट असतंय. एस्टर आहे ते, आम्हाला शिकवलंय. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतोय ना मॅडम, त्याच्यामुळं पाणी बाहेर येत नाही. मग ते मेण ऑइलमध्ये निघून जातंय, का जागेवरच राहून त्याची रचना बिघडतीय? आणि ढगाळ हवा आली की प्रमाण तेच ठेवून पण माल काळा पडतोय. ते मेणामुळं का हवेमुळं?’

तिचे हात हवेत जाळी पसरत होते. पायाखालची बॅग लवंडली, तिचं लक्ष नव्हतं. बोलणं थांबल्यावर मी एवढंच विचारलं, ‘हे सांगताना कॉलेजचं नाव एकदा तरी मनात आलं?’

‘नाही.’ मग स्वतःशीच पुन्हा म्हणाली, ‘नाहीच आलं.’

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मला फार मोलाचे वाटतात. आपण मुलांना आत्मविश्वास वाढवायला सांगतो, म्हणजे पुन्हा त्यांना स्वतःकडेच बघायला लावतो. या मुलीचं लक्ष द्राक्षाच्या सालीवर गेलं आणि ‘मी त्यातली आहे का’ हा प्रश्न तिथं उरलाच नाही. फॉर्म वाचणाऱ्या शास्त्रज्ञालाही ह्या मुलीला काय जाणून घ्यायचंय, तेच शोधायचं असतं.

म्हणून मुलांना माझं आता हेच सांगणं असतं: उतारा आधी मराठीत लिहा, आईला सांगताय असा. पहिल्या वाक्यात तुमचा प्रश्न येऊ दे. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंय ते लिहा, मग काय शिकायचंय ते. इंग्रजी शेवटी करा. शिफारसपत्रासाठी सरांकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका. महिनाभर आधी जा, हा उतारा आणि मार्कलिस्ट सोबत न्या. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ एवढंच लिहिलेली पत्रं येतात, कारण सरांना तुमच्याबद्दल लिहायला दुसरं काही माहीतच नसतं. आणि एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नका.

तिच्या वडिलांनाही मी एकदा बोलावलं. त्यांची शंका सरळ होती, पोरीनं परगावी राहायचं कुठं? वसतिगृहाची सोय आहे का, ते संस्थेला आधीच विचारता येतं, हे कळल्यावर ते मोकळे झाले. निघताना तिला म्हणाले, ‘ऑइलचं तेवढं नीट विचारून ये.’

त्या वर्षी तिची निवड झाली नाही. यादी आली तेव्हा ऐन हंगाम होता, शेडवर माल पडलेला. तिचा फोन आला. आवाज उतरलेला होता, वाईट वाटणारच. पण ‘सिद्ध झालं’ हे शब्द त्यात नव्हते. तिनं सरांकडून कॉलेजच्या लॅबमधला काटा वापरायची परवानगी मिळवली होती. कमीजास्त ऑइलमध्ये बुडवलेल्या द्राक्षांची ती रोज वजनं घेत होती.

पुढच्या अर्जांसाठी संस्थांची यादी तिनं स्वतः केली. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञानाची संशोधन संस्था त्यात वर आहेत. तिथल्या शास्त्रज्ञांना तिनं वजनांचा तक्ता जोडून थेट पत्रं लिहिली. त्यांचा मसुदा तिनं मला दाखवला नाही. पाठवून झाल्यावर सांगितलं.